कोरडं वजन

सिस्टर आमच्या घरी आल्या की आधी स्वतः काट्यावर उभ्या राहत. बाबांची चौकशी नंतर, रक्तदाबही नंतर. चपला दाराशी काढायच्या, वजनकाटा भिंतीजवळून ओढून घ्यायचा, खालच्या फरशीवर तळहात फिरवायचा आणि चढायचं. आकडा बघून उतरायचं, काटा फूटभर सरकवायचा, पुन्हा चढायचं. दोन्ही आकडे जुळले की पिशवीतून एक जुनी वही काढून त्यात स्वतःचं वजन लिहायचं. "या बाईंना माझ्यापेक्षा स्वतःच्याच तब्येतीची काळजी," असं बाबा म्हणायचे. त्यांनी त्यांचं नाव काटेवाली ठेवलं होतं आणि ते तोंडावर घ्यायलाही कमी करत नसत.

बाबांचं हृदय दमलं होतं. डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं, पण बाबांनी त्याचं सरळ भाषांतर केलं, "पंप जुना झालाय." चाळीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या, त्यामुळे यंत्राचं त्यांना लगेच कळतं. "आयुष्यभर लोकांना वर पाठवलं, आता माझा नंबर," हा विनोद त्यांनी दवाखान्यात तीनदा केला. दमलेलं हृदय रक्त पुरेसं पुढे ढकलत नाही, मग अंगात पाणी साचत जातं. आधी घोट्यांत, मग पोटात, मग छातीत. ते छातीत पोहोचायच्या आत पकडायचं, एवढंच सिस्टरांचं काम. मोठ्या दवाखान्याच्या घरभेटीच्या विभागातून त्या सोमवारी आणि गुरुवारी यायच्या.

मधल्या दिवसांचं काम माझं. सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच हलक्या कपड्यांत बाबांचं वजन. जादा पाणी नसताना माणसाचं जे वजन असतं त्याला सिस्टर कोरडं वजन म्हणत. बाबांचं सहासष्ट. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाचं नाही, पाण्याचं, लगेच फोन करायचा. दिवसभरात दीड लिटर, त्यात चहा धरायचा, सूप धरायचं, फळाचा रससुद्धा धरायचा. मीठ जवळजवळ नाहीच. तहान फार लागली तर चूळ भरायची, बर्फाचा लहान खडा चघळायचा. रेघा मारलेला एक जग स्वयंपाकघरात, लघवीची रेघांची बाटली न्हाणीघरात, आणि दोन्हींचे आकडे टेबलावरच्या वहीत.

माझा धंदा पडदे शिवण्याचा. पुढच्या खोलीत मशीन, तागे, पट्ट्या, माप घेण्याचा लाकडी गज. मला मोजायला कुणी शिकवायची गरज नव्हती. शेजारीण म्हणायची, "तुझ्या हातात बाबा सुखरूप आहेत." मी हो म्हणायचे. पण सात वर्षांपूर्वी याच घरात, याच आजारात, माझ्याच हातात आई गेली होती.

तेव्हाही याच सिस्टर यायच्या.

त्या वेळी त्यांचे केस काळे होते आणि त्या भरपूर बोलायच्या. आईला त्या एकेका घराचे किस्से सांगायच्या. एक निवृत्त मुख्याध्यापक बुटात सरबताची बाटली लपवायचे. एका बाई कलिंगडाला पाणी मानायलाच तयार नव्हत्या, म्हणायच्या, फळ हे फळ. आई हसून हसून खोकायची आणि सिस्टर म्हणायच्या, "बास, आता हसण्यावरही मर्यादा घालावी लागेल." आईला त्यांची वाट बघायची सवय लागली होती. सोमवारी ती खिडकीजवळच्या खुर्चीत केस विंचरून बसायची, पाय खाली सोडून.

आई गेल्यावर त्या एकदा येऊन काटा घेऊन गेल्या, दवाखान्याची वस्तू म्हणून. नंतर सात वर्षं दिसल्या नाहीत. बाबांच्या वेळी दार उघडलं तर समोर त्याच. केस पांढरे, अंग निम्मं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, आत फरशीकडे पाहिलं. मग खिडकीजवळच्या खुर्चीकडे. त्या दिवसापासून त्या खुर्चीत त्या कधी बसल्या नाहीत, उभ्याने रक्तदाब घ्यायच्या. मी एकदा म्हटलं, "सिस्टर, बसा ना." त्या म्हणाल्या, "नको, तिथे नको." मी पुढे काही विचारलं नाही, कारण मीही तिथे बसत नव्हते.

मला वाटायचं, यांना सगळं माहीत आहे. त्या जग उचलून उजेडात धरायच्या, रेघ बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. मनात पाल चुकचुकायची. त्या माझ्यावर पाळत ठेवायला आल्यात, अशी माझी पक्की समजूत झाली होती. म्हणून मी त्यांच्याशी तुसडेपणाने वागायचे. चहा विचारायचा, पण त्या नाही म्हणेपर्यंत थांबायचं नाही. बाबा म्हणायचे, "अगं, त्या काटा घेऊन येतात, कोयता नाही." मला हसू यायचं नाही.

आता जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगते. शेवटच्या आठवड्यात मी आईला चोरून पाणी दिलं होतं.

ती मागायची. रागाने मागितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. ती लहान पोरीसारखं मागायची, "दोन घोट गं, कुणाला कळणार आहे?" आणि त्याच आठवड्यात तिचं वजन उतरलं होतं. चौसष्टवरून एकसष्ट पूर्णांक आठ. सिस्टर खूष, डॉक्टर खूष, त्यांनी पाण्याची गोळी निम्मी केली. ही गोळी अंगातलं पाणी लघवीवाटे काढते. मीही खूष. म्हटलं, एवढं पाणी उतरलंय तर एक ग्लास जास्त गेला म्हणून काय होणार आहे? पहिल्या दिवशी एक, मग दोन, मग तीन. नळाखाली ग्लास धरायचा, भरून तिच्या हातात द्यायचा, ती डोळे मिटून प्यायची आणि मी वहीत तेच जुने आकडे लिहायचे. सातव्या दिवशी सकाळी अकराला ती त्या खुर्चीत बुडाली. दुसरा शब्द नाही. घरात, कोरड्या फरशीवर, खिडकी उघडी असताना माणूस बुडताना मी पाहिलंय.

तेव्हापासून मला नळाचा आवाज सोसत नसे. पाणी पडायला लागलं की त्यातून "दोन घोट गं" ऐकू यायचं. भास आहे हे कळायचं, तरी यायचं. शेवटी मी अस्तराच्या कापडाची एक पट्टी नळाच्या तोंडाला बांधली, म्हणजे पाणी तिच्यावरून आवाज न करता उतरतं. लोक विचारायचे, हे काय? मी सांगायचे, शिंतोडे उडतात. भांडी घासताना मी रेडिओ मोठा लावायचे. पाहुण्यांना पाणी बाबांनी द्यायचं, असा अलिखित नियम होता. आता बाबांनाच पाणी देणं माझ्या नशिबी आलं.

मी ठरवलं, या वेळी हात सैल सोडायचा नाही. दीड लिटरची परवानगी, तर मी सव्वा देऊ लागले. मग एक. वजन सहासष्टच्या खाली उतरलं की माझा जीव भांड्यात पडायचा. पासष्ट, चौसष्ट, त्रेसष्ट आणि थोडं. बाबा म्हणायचे, "अगं, ओठ फुटलेत." मी बर्फाचा खडा द्यायचे, तोही मोजून. ते म्हणायचे, "तुझी आई तरी बरी, भांडून घ्यायची." मी मशीनवर जाऊन बसायचे आणि पाय इतक्या जोरात मारायचे की सुई तुटायची.

एका गुरुवारी बाबा न्हाणीघरात जाताना गरगरून भिंतीला धडकले. सिस्टर नेमक्या तेव्हाच आल्या होत्या. त्यांनी बाबांना आडवं केलं, रक्तदाब बघितला, उभं करून पुन्हा बघितला. जीभ बघितली, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. नडगीवर अंगठा दाबून धरला, काही खळगा पडला नाही, म्हणजे पाणी साचलेलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना फोन केला, गोळी कमी करून घेतली आणि मला स्पष्ट सांगितलं, "ताई, पूर्ण दीड लिटर जायला हवं. ही कमतरताही जीव घेते. आधी मूत्रपिंडं जातात." मी म्हटलं, "हो, देते."

नाही दिलं. खरंच सांगते, ग्लास भरायला जायचे आणि अर्ध्यावर हात थांबायचा. उरलेलं मोरीत ओतायचे आणि वहीत दीड लिटर लिहायचे. तशी खोट्या आकड्यांची सवय मला जुनीच होती.

सोमवारी सिस्टर आल्या. काट्याचा सगळा सोपस्कार झाला. बाबांचं वजन बासष्ट पूर्णांक सहा. बाबा बोलताना शब्द विसरत होते, मला दोनदा आईच्या नावाने हाक मारली. सिस्टर न्हाणीघरात गेल्या आणि लघवीची बाटली घेऊन बाहेर आल्या. तळाला जेमतेम, रंग कडक चहाचा. त्यांनी ती टेबलावर वहीशेजारी ठेवली. मला म्हणाल्या, "स्वयंपाकघरात चला."

आत गेल्यावर त्यांनी दार लोटलं.

"किती देता?"

"लिहिलंय वहीत."

"वही मी वाचली. किती देता ते सांगा."

त्यांचा आवाज चढला नाही. "ताई, काका आज दवाखान्यात गेले तर सलाईन लावतील. या हृदयाला ते कितपत सोसेल, मला माहीत नाही. घरी हळूहळू पाजलं तर अजून वेळ आहे. आज संध्याकाळपर्यंत. खरं सांगा."

"आठशे," मी म्हटलं. "काल सातशे."

त्यांनी नळाच्या तोंडाची पट्टी बोटात धरली. मग म्हणाल्या, "मागच्या खेपेला जास्त दिलंत म्हणून?"

मी ओट्याला धरून उभी राहिले. सात वर्षं जिची धास्ती होती ती गोष्ट इतक्या साध्या आवाजात कुणी बोलेल असं वाटलं नव्हतं.

"तुम्हाला माहीत होतं."

"तेव्हाच. जगमधली रेघ बरोबर असायची, पण नळाजवळचा ग्लास दर वेळी ओला. वीस वर्षं हेच बघतेय मी, ताई."

"मग बोलला का नाहीत? मला शिव्या द्यायच्या. निदान आई गेल्यावर तरी."

"त्याचंच सांगायचंय." त्या म्हणाल्या. "त्या सोमवारी आईंचे पाय गार पडले होते. फरशीवर पाय ठेवताना त्या आकसायच्या. मला वाईट वाटलं. खाटेपाशी तुमचा जाड गालिचा होता, तुम्ही पडद्यांच्या दुकानातून आणलेला तुकडा. मी काटा उचलून त्यावर ठेवला. उचलायलाच नको होता. जाड लोकरीत काट्याचे चार पाय रुततात, पोट टेकतं, आणि माणसाचं थोडं वजन गालिचाच पेलतो. आकडा दोन-अडीच किलोंनी कमी येतो. हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. नव्या मुलींना मीच शिकवायचे."

मला समजायला वेळ लागला. एकसष्ट पूर्णांक आठ. तो खूष झालेला आठवडा.

"पाणी उतरलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "वाढत होतं. काटा मात्र एकसष्ट-बासष्टमध्येच खेळत राहिला, चौसष्टच्या खालीच. मी डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गोळी निम्मी केली. गुरुवारी मी पायाला अंगठा लावला तर खळगा पडला. चांगला खोल. बोट सांगत होतं. मी आकड्यावर विश्वास ठेवला."

"आणि माझे ग्लास?"

"ते होतेच. खोटं कशाला बोलू? पण काटा फरशीवर असता तर दुसऱ्याच दिवशी वाढ दिसली असती, मी ओरडले असते, तुम्ही रडला असतात, गोळी वाढली असती. ग्लासने जे बिघडतं ते काटा सांगतो. त्याच्यासाठीच तो असतो. मी त्याचं तोंड बंद केलं."

बाहेर बाबा खोकले. आम्ही दोघी दाराकडे बघून थांबलो.

"काटा न्यायला आले तेव्हा तो गालिच्यावरच होता," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत होता. मी सहज उभी राहिले त्यावर. मग फरशीवर ठेवून उभी राहिले. तिथेच कळलं. त्या वेळी तुम्ही बाहेर आलात. तुमचा चेहरा बघितला आणि कळलं की तुम्ही स्वतःला धरून बसलाय. तुमच्या त्या समजुतीत माझं भागत होतं. ही पोरगी स्वतःला दोष देतेय तोवर काट्याबद्दल कुणी विचारणार नाही, असं मनात आलं. आलं तसं मी ते ठेवून घेतलं. काटा पिशवीत घातला आणि गेले."

त्यांनी हे सगळं माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी त्यांच्या थोबाडीत मारली असती. हात उचललाही होता बहुतेक, कारण त्या हलल्या नाहीत, वाट बघितल्यासारख्या उभ्या राहिल्या. सात वर्षं मी माझ्याच घरात चोरासारखी राहिले. एक लग्नाचं स्थळ आलं होतं, चांगला माणूस होता, त्यालाही नाही म्हटलं, कारण ज्या बाईने आईला मारलं तिने कुणाच्या घरी जाऊन काय दिवे लावायचे? आणि या बाई दर सोमवारी-गुरुवारी कुठल्या कुठल्या घरात जाऊन फरशीवर हात फिरवत होत्या.

"आता का सांगताय?" मी विचारलं.

"काका सुकताहेत. तुम्ही ग्लास भरणार नाही, हे मला दिसतंय. तुमच्या हातून पाणी सुटावं म्हणून सांगतेय. हे घर मी मागून घेतलं होतं, ताई, पहिल्या दिवशीच सांगायचं म्हणून. तीन महिने तोंड उघडलं नाही. काका पडले नसते तर आजही उघडलं नसतं."

त्यांनी नळाची पट्टी सोडायला घेतली. गाठ जुनी, घट्ट बसलेली. मी पुढे होऊन कात्रीने कापली. नळ सोडला. पाणी मोठ्याने पडलं आणि त्यात ते आलंच, दोन घोट गं, अगदी पूर्वीसारखं. काही गेलंबिलं नव्हतं. अर्धा ग्लास बाहेर सांडला. सिस्टरांनी माझं मनगट खालून धरलं, ग्लास भरेपर्यंत.

बाबांना टेकवून बसवलं. सिस्टर म्हणाल्या, "हळू, काका, घोट घोट. दर अर्ध्या तासाने देऊ, मी थांबते." बाबांनी दोन्ही हातांनी ग्लास धरला. संपल्यावर ओठ पुसून माझ्याकडे बघत राहिले. नजर जरा ठिकाणावर आली होती. म्हणाले, "असाच भरून द्यायचीस ना तिला?"

मी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच. आणखी कोण सांगणार? दुपारी मी कामावरून आलो की कानात सांगायची. आज पोरीने पोटभर पाणी दिलं म्हणायची. इतकी खूष असायची. मी म्हटलं, पोरीला सांगू नकोस मला ठाऊक आहे म्हणून, ती द्यायची थांबेल." त्यांनी रिकामा ग्लास पुढे केला. "आणखी आहे का?"

मी त्यांच्या पायाशी बसून रडले. फार वर्षांनी रडले, आणि माणसांसमोर. सिस्टर तोंड फिरवून काट्याकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्यासाठी बोलायला तिथे कुणी नव्हतं. आईने त्यांच्याबद्दल काही सांगून ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी पाचपर्यंत त्या थांबल्या. लघवी दोनदा झाली, दुसऱ्यांदा रंग फिका. बाबांनी मला माझ्या नावाने हाक मारली आणि सिस्टरांना विचारलं, "काटेवाली, आज मुक्कामच का?" त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी वहीत सगळे आकडे लिहिले, खरे, माझे सातशे-आठशेसुद्धा. मग पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तक्रार लिहा," त्या म्हणाल्या. "वरच्या मॅडमच्या नावाने. काटा, गालिचा, तारीख, मी मागाहून गप्प बसले ते. माझ्याकडून काही नाकारलं जाणार नाही. गुरुवारपासून दुसऱ्या सिस्टर येतील. मुलगी चांगली आहे, हसरी आहे."

मी कागद घेतला. मनात वाक्यं तयार होती, एकेक धारदार. लिहायला बसलेही. पहिली ओळ लिहिली, खोडली. समोर त्या पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या, शिक्षा ऐकायला आलेल्या पोरीसारख्या. मला त्यांची दया आली नाही, हे सांगून टाकते. माफही केलं नाही, आजही नाही. मी खाटेवर झोपलेल्या बाबांकडे बघितलं, आणि त्या हसऱ्या मुलीचा विचार केला. चपला न काढता आत येणारी, काटा जिथे असेल तिथेच वजन घेणारी, फरशीवर हात न फिरवणारी.

मी कागदाची घडी करून त्यांच्या पिशवीत परत टाकली.

"ती नको," मी म्हटलं. "तिला भीती नसेल. मला तुमची भीती हवीय, सिस्टर. बाबा आहेत तोवर तुम्हीच यायचं."

त्यांनी मान हलवली. दाराशी चपला घालताना त्यांचा तोल गेला, त्यांनी भिंतीचा आधार घेतला. मी धरायला गेले नाही. जिना उतरताना त्या मधेच थांबल्या आणि खालूनच विचारलं, "गुरुवारी साडेनऊला चालेल ना?"

"नऊला या," मी म्हटलं. "बाबांचं वजन तुमच्यासमोर घेऊ."